एआर पिस्तुलावर ब्रेस, ग्रिप काहीही लावण्याआधी काय काय बघून ठेवायचं

अमेरिकेत, खास करून टेक्सासकडे, आपली बरीच मंडळी आता रेंजवर जातात, एआर पिस्तूल (एआर-१५ रायफलच्याच बनावटीचं, छोट्या बॅरलचं) घेतात आणि दुसऱ्या आठवड्यात पार्ट्स मागवायला सुरुवात करतात. त्यांच्यासाठी हे लिहितोय. मागच्या बिल्डच्या वेळी माझ्या यादीत ब्रेसबद्दल, म्हणजे मागे हाताला बांधायच्या पट्टेवाल्या आधाराबद्दल, सगळं होतं आणि पुढच्या उभ्या ग्रिपबद्दल एक ओळ नव्हती, ग्रिप पाकिटात असतानाच रेंजवरच्या एकाने अडवलं म्हणून वाचलो. त्यामुळे ग्रिपचं पुन्हा पुन्हा येणार आहे, ते वाचाच.

सगळ्यात आधी स्वतःचं स्टेटस. एच-१बी, एल-१, एफ-१, व्हिजिटर, म्हणजे नॉन-इमिग्रंट व्हिसावर आलेल्या माणसाला फेडरल कायद्याने बंदूक जवळ ठेवताच येत नाही, चालू हंटिंग लायसन्ससारखे मोजके अपवाद सोडले तर. ग्रीन कार्डवाल्याला चालतं. पण घरात एक सिटिझन आणि दुसरा व्हिसावर असेल तर सेफचं कॉम्बिनेशन त्या दुसऱ्याला माहीत नको, आईबाबा इकडे राहायला आले तरी तेच. आणि ग्रीन कार्डवाल्यांनो, बंदुकीच्या गुन्ह्यात दोषी ठरलात तर नुसता दंड-तुरुंग नाही, डिपोर्टेशनचं कारण होतं ते. कुलूप, सेफ, गोळ्या कुठे ठेवायच्या हे सांगत बसत नाही.

मग हातातली वस्तू कायद्याच्या भाषेत आत्ता काय आहे ते नक्की करा, कारण सगळं त्यावर अवलंबून आहे. १९३४ चा नॅशनल फायरआर्म्स ॲक्ट, एनएफए, त्यात रायफलची बॅरल १६ इंचांच्या खाली गेली किंवा एकूण लांबी २६ च्या खाली गेली की ती शॉर्ट बॅरल्ड रायफल, एसबीआर, आणि ती रजिस्टर केल्याशिवाय बनवणं हा गुन्हा, दहा वर्षांपर्यंत शिक्षा. शॉटगनला बॅरल १८ इंच, एकूण २६ तेच. पिस्तुलाला बॅरलची अट नाही, पण पिस्तूल म्हणजे एका हाताने झाडायला बनवलेलं, हे ‘एका हाताने’ लक्षात ठेवा. रिसिव्हर, म्हणजे बंदुकीचा मुख्य सांगाडा, पहिल्यांदा रायफल म्हणून जोडला गेला असेल तर त्याला छोटी बॅरल लावून पिस्तूल करता येत नाही, उलट आधी पिस्तूल, मग रायफल, मग परत पिस्तूल हे चालतं, एटीएफचं, म्हणजे बंदुकांचे कायदे बघणाऱ्या फेडरल खात्याचं, २०११ चं रुलिंग आहे. म्हणून पहिल्यांदा जोडताना पिस्तूल म्हणून जोडा आणि तारखेसकट फोटो काढून ठेवा.

मोजमाप. बॅरल मोजताना बोल्ट बंद, बंदूक रिकामी आहे हे दोनदा बघून, क्लीनिंग रॉड पुढून आत बोल्टच्या तोंडापर्यंत, तिथे खूण, बाहेर काढून टेप. बॅरलच्या टोकाचा, फिरवून निघणारा फ्लॅश हायडर मोजायचा नाही, पिन मारून वेल्ड केलेला असेल तरच धरतात. एकूण लांबीत बफर ट्यूब (मागची नळी) धरतात पण ब्रेस धरत नाहीत, फोल्डिंग ब्रेस असेल तर दुमडून मोजा, उघडून २७ आली म्हणून खुश होऊ नका.

आता ग्रिप. पिस्तुलाच्या पुढच्या रेलवर (पार्ट्स अडकवायची पट्टी) उभी, म्हणजे व्हर्टिकल फोरग्रिप लावली की एटीएफच्या मते ते एका हाताचं हत्यार राहिलं नाही, दोन हातांचं झालं, आणि एकूण लांबी २६ इंचांच्या आत असेल तर ते ‘एनी अदर वेपन’, एओडब्ल्यू, परत एनएफएमध्ये. थोड्या पैशांचा प्लॅस्टिकचा तुकडा, कुठल्याही दुकानात कुणी काही न विचारता मिळतो, रायफलवर कायदेशीर, २६ च्या आतल्या पिस्तुलावर फेलनी, म्हणजे गंभीर गुन्हा. बॉक्सवर काही लिहिलेलं नसतं. अँगल्ड (तिरकी) ग्रिप आणि हँडस्टॉप (हात पुढे सरकू न देणारा छोटा तुकडा) यांना एटीएफने साधारणपणे उभ्या ग्रिपमध्ये धरलेलं नाही, म्हणून पिस्तुलावर लोक तेच लावतात. तुम्हीही तेच लावा. उभी लावायचीच असेल तर आधी एटीएफचा फॉर्म १ (असं हत्यार बनवायच्या परवानगीचा अर्ज) मंजूर, मग ग्रिप, या क्रमाने, उलट नाही, पाच मिनिटांसाठी फोटोपुरतीही नाही.

ब्रेसचं सगळ्यांना माहीत असतं असं वाटतं पण अर्धवट माहीत असतं. २०१२ मध्ये एटीएफने मान्य केलं, २०१५ मध्ये म्हणाले खांद्याला लावलंत तर एसबीआर, २०१७ मध्ये ते मागे घेतलं, जानेवारी २०२३ मध्ये नवा नियम आणून जवळपास सगळी ब्रेसवाली पिस्तुलं एसबीआरमध्ये ढकलली आणि जून २०२४ मध्ये टेक्सासच्या फेडरल कोर्टाने तो नियमच रद्द केला. नियम गेला, १९३४ चा कायदा गेला नाही. ब्रेसचा पट्टा कापून, टेप गुंडाळून, हात आत जाणारच नाही असं करून खांद्यासाठी पक्कं केलंत तर तुम्ही ते नव्याने डिझाइन केलं असं धरलं जातं. ब्रेस जसा आला तसाच ठेवा. आणि हो, ब्रेस कायदेशीर आहे म्हणजे पुढची उभी ग्रिप कायदेशीर झाली असं नाही, दोन्ही वेगळे प्रश्न आहेत, इथेच माणूस चुकतो.

घरात पडलेले सुटे पार्ट्स बघा. फक्त पिस्तूल आहे, रायफल एकही नाही, आणि कपाटात रायफलचा स्टॉक (खांद्याला टेकवायचा मागचा भाग) पडलाय, तर तो कशासाठी, एसबीआर करायला का, असा प्रश्न येतो. सुप्रीम कोर्टाची १९९२ ची थॉम्पसन सेंटर केस वाचा, पार्ट्सचा कायदेशीर उपयोग दाखवता येणं महत्त्वाचं. नको असेल तो स्टॉक विकून टाका. उभी ग्रिपसुद्धा त्याच कपाटात नको.

शॉटगनवाल्यांसाठी: मॉसबर्ग शॉकवेव्हची बॅरल १४ इंची, एकूण लांबी जेमतेम २६ च्या वर, ती लांबी मागच्या त्या खास ग्रिपमुळे आहे. ती काढून छोटी पिस्तूल ग्रिप लावली आणि २६ च्या खाली गेलात की एओडब्ल्यू. स्टॉक लावलात तर शॉर्ट बॅरल्ड शॉटगन. परत ग्रिपच.

फॉर्म १: ऑनलाइन भरता येतो, फोटो, बोटांचे ठसे, स्थानिक पोलीसप्रमुखाला प्रत. १ जानेवारी २०२६ पासून एसबीआर आणि एओडब्ल्यूचा २०० डॉलरचा टॅक्स शून्य झालाय, पण रजिस्ट्रेशन तसंच आहे, ‘आता फ्री आहे’ म्हणजे ‘आता लावून टाका’ नाही. मंजुरी आल्यावर नाव, शहर, राज्य कोरून घ्यायचं, खोली किमान ०.००३ इंच.

राज्याचे कायदे वेगळे, ते बघाच. कॅलिफोर्नियात फिक्स्ड मॅगझिन नसलेल्या सेमी-ऑटो पिस्तुलावर दुसरी ग्रिप आली की असॉल्ट वेपन, इलिनॉयमध्ये २०२३ पासून आर्म ब्रेसवालं सेमी-ऑटो पिस्तूल बंदीत, न्यू जर्सी, न्यू यॉर्क तर विचारूच नका. म्हणजे डॅलसहून शिकागोला भावाकडे निघालात तर ते घरीच ठेवा. रजिस्टर्ड एसबीआर दुसऱ्या राज्यात न्यायची तर आधी ५३२०.२० फॉर्म मंजूर करून घ्या, एओडब्ल्यूला तो लागत नाही. मंजुरीची प्रत बॅगेत ठेवा. विकायची वेळ आली तर फॉर्म ४ (मालकी बदलायचा अर्ज), किंवा पार्ट्स काढून आधी मूळ स्थितीत आणा.

शंका असेल तर एनएफए बघणारा वकील, दुकानातला माणूस नाही. आणि निघायच्या आधी रेलवर पुढे काय लावलंय ते एकदा बघा.