किडक्या दातामुळे मुलाचा गाल सुजला तर

दाताच्या मुळाशी पू साचला की मुलाचा गाल एका बाजूने सुजतो. वरच्या दाताची सूज डोळ्याकडे चढते, खालच्या दाताची जबड्याकडे उतरते. त्याच दिवशी दंतवैद्याला दाखवा. ‘दुधाचा दात आहे, पडेलच’ म्हणून थांबू नका. संसर्ग दाताचं वय बघत नाही. दुखणं अचानक थांबलं तरी फसू नका, आतली नस मेली की ठणका जातो, पू मात्र तिथेच असतो.

गालाला गरम शेक देऊ नका. घरात उरलेलं अँटिबायोटिक तर नकोच. डॉक्टरांनी दिलेल्या अँटिबायोटिकनेही सूज तात्पुरती उतरते. दाताचं रूट कॅनॉल केल्याशिवाय किंवा तो काढल्याशिवाय ती पुन्हा येते. दुखत असेल तर वजनाच्या हिशोबाने पॅरासिटामॉल चालतं, अ‍ॅस्पिरिन मुलांना देऊ नये. सुजेचा फोटो काढून ठेवा, वाढतेय का ते नेमकं कळतं.

डोळा मिटत चालला, तोंड उघडेना, गिळता येईना, लाळ गळू लागली, जबड्याखाली किंवा मानेवर सूज आली, ताप चढून मूल मलूल झालं किंवा श्वासाला त्रास होऊ लागला, तर दवाखान्याची वेळ बघत बसू नका. रात्र असली तरी थेट मोठ्या रुग्णालयात न्या.