सुंभाच्या शिरोरेषेवर टांगलेला शब्द

देवनागरीत अक्षर शिरोरेषेला लोंबते, आणि मोडीत तर लिहिणारा आधी कागदभर आडवी रेघ ओढून मग तिच्याखाली अक्षरे सोडत जाई; त्यामुळे दोरावर टांगलेले शब्दाचे कापडी शिल्प आपल्या लिपीला मुळीच परके नाही. ते घडवण्यासाठी सुंभ म्हणजे काथ्याची दोरी, माडाचे हीर म्हणजे पात्यांच्या मधल्या काड्या आणि जुने सुती लुगडे एवढे साहित्य कोकणातल्या घरी पुरेसे आहे.

शब्द आखूड आणि घरात रोज बोलला जाणारा निवडावा. मी प्रथम ‘माड’ घेतला. ‘मा’ उभ्या दांड्यांमुळे सरळ राहतो, पण ‘ड’ आखूड मानेवर लोंबत असल्याने वाऱ्याने गरकन उलटा फिरतो. म्हणून त्याची मान दोन बोटे रुंद ठेवून दोन ठिकाणी बांधावी. नारळाची सोडणे, म्हणजे वरची जाड साले, खाडीत कित्येक महिने कुजवून काढलेला काथ्या खारी हवा चांगली सोसतो. मात्र सुंभाचा जादा पीळ अक्षरांनाही फिरवतो, तेव्हा तो भिजवून, खाली धोंडा बांधून रात्रभर टांगावा.

अक्षरांवर गुंडाळायच्या कापडावर आधी मजकूर लिहायचा; हे काम सावकाश करावे. 100 ग्रॅम कापडास 20 ग्रॅम हिरड्याची पूड कोमट पाण्यात कालवून त्यात कापड तासभर बुडवावे आणि न धुता उन्हात वाळवावे. गंजलेले खिळे व गूळ पाण्यात पंधरा-वीस दिवस मुरवून गाळले, की शाई झाली. बोरूने लिहिताना ती फिकट उतरते आणि हिरड्यातील टॅनिनशी लोहाचा संयोग होऊन डोळ्यांदेखत काळी पडते. मी आजीच्या तोंडच्या जात्यावरच्या ओव्या लिहिल्या. वाळल्यावर कापड भरपूर पाण्यात धुणे आवश्यक आहे, कारण उरलेले लोह सुताला खाते. माझे पहिले कापड वर्षभरात नेमके ओळींवरच विरले, आणि त्या ओव्या गेल्याची हळहळ मला अजून वाटते.

आता सात-आठ भिजवलेल्या हिरांची जुडी अक्षराच्या वळणात वाकवून बांधावी आणि तिच्यावर लिहिलेल्या कापडाच्या दोन बोटे रुंद पट्ट्या गुंडाळाव्यात. प्रत्येक वेढा मागच्या वेढ्याला निम्मा झाकतो, म्हणून जो शब्द दिसायलाच हवा तो पट्टीच्या उघड्या राहणाऱ्या काठाशी लिहावा. टोके धावदोऱ्याने शिवावीत; खळीने चिकटवल्यास बुरशी धरते.

शिल्प पडवीत, भिंतीपासून वीतभर दूर टांगावे, म्हणजे तिरप्या उन्हात भिंतीवर शब्दाची सावलीही वाचता येते. मिरगाआधी ते उतरवून कोरड्या माळ्यावर ठेवावे, आणि आश्विनातल्या उन्हात वाळवून गाठी पुन्हा आवळाव्यात.