इंग्रजी अमदानीतल्या न्यायाधीशाची कारकीर्द कशी जुळवावी

गौरवग्रंथ आधी बाजूला ठेवा आणि कागदावर पाच रकाने आखा: हुद्दा, ठिकाण, कायम की हंगामी, चार्ज घेतल्याची तारीख, पुरावा. हा तक्ता निम्मा तरी भरेपर्यंत चरित्राची एक ओळही लिहू नका. नमुन्याला महादेव गोविंद रानडे घेऊ. जन्म निफाडचा आणि काही काळ नोकरीही नाशिकला, त्यामुळे नेहमीच्या सगळ्या चुका त्यांच्या बाबतीत होतात.

पहिली ठेच जन्मगावालाच लागते. ‘निफाड, जि. नाशिक, 18 जानेवारी 1842’ असं सर्रास लिहितात, पण नाशिक जिल्हा झाला 1869 मध्ये. तोवर निफाड अहमदनगरकडे होतं, तर मालेगाव आणि बागलाण खानदेशाकडे. रानड्यांचे वडील निफाडला मामलेदार कचेरीत हेड कारकून होते. त्या काळातली नेमणूक धुंडाळायची तर नगरचे कागद पाहावे लागतात. (नगर जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालं, जुन्या सूच्यांत मात्र जुनंच आहे.) इंग्रजी कागदांत नाशिकचं स्पेलिंगही दोन-तीन तऱ्हांनी येतं, सगळी शोधून पाहा.

तिथीवरून इसवी सन काढताना शकात सरसकट 78 मिळवू नका. शके 1763 मध्ये 78 मिळवले की 1841 येतात आणि रानडे वर्षभर आधी जन्मतात! जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंत 79 धरायचे.

आता हुद्दे. वेळ खरा इथे घालवावा. मुन्सफ, सदर अमीन, प्रिन्सिपल सदर अमीन ही खालच्या दिवाणी न्यायाधीशांची नावं 1869 च्या मुंबई दिवाणी न्यायालय कायद्याआधीची. त्यानंतर फर्स्ट क्लास आणि सेकंड क्लास सबजज्ज, म्हणजे जिल्हा न्यायाधीशाच्या हाताखालचे दिवाणी न्यायाधीश. सेकंड क्लासला 5,000 रुपयांपर्यंतचेच दावे चालवता येत, फर्स्ट क्लासला रकमेची मर्यादा नव्हती. तेव्हा 1875 सालचा ‘सदर अमीन’ कुठे छापलेला दिसला तर लेखकाने ऐकीव लिहिलंय असं समजा.

रानडे 1871 मध्ये पुण्याला फर्स्ट क्लास सबजज्ज झाले, 1878 मध्ये नाशिकला आणि 1879 मध्ये धुळ्याला गेले. हायकोर्टात पोचले 1893 मध्ये, तिथले न्यायाधीश काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांच्या निधनानंतर. म्हणून ‘न्यायमूर्ती रानडे नाशिकला होते’ हे वाक्य चूक. नाशिकला होते ते सबजज्ज रानडे. शेतकरी कर्जनिवारणाच्या 1879 च्या कायद्याखालचं त्यांचं पुढचं काम नाशिकला जोडण्याचा मोह होतो. तोही आवरा: तो कायदा सुरुवातीला पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चारच जिल्ह्यांना लागू होता.

तारखा मिळतात मुंबई सरकारच्या गॅझेटात (राजपत्रात) आणि सिव्हिल लिस्टमध्ये, म्हणजे सरकारी अधिकाऱ्यांच्या छापील यादीत. गॅझेटात नेमणुकीचा हुकूम एका दिवशी आणि चार्ज घेतल्याची नोंद दुसऱ्या दिवशी असते, कधी ‘कचेरी सुटल्यावर’ असा शेराही. तक्त्यात चार्जचीच तारीख घाला. ‘अ‍ॅक्टिंग’ (हंगामी) शब्द सोडू नका, तो गाळला की हंगामी माणूस कायम होऊन बसतो आणि पुढची बढती पायउतार वाटू लागते. दोन नेमणुकांत पोकळी दिसली तर आधी रजा शोधा.

निकालांचं म्हणाल तर, सबजज्जाचे निकाल छापले जात नसत. हायकोर्टाचे निकाल छापणाऱ्या इंडियन लॉ रिपोर्ट्सची मुंबई मालिका 1876 पासूनची, त्याआधी बॉम्बे हायकोर्ट रिपोर्ट्स. त्यांत अपिलाच्या मथळ्याखालचा बारीक मजकूर वाचा: अमुक जिल्हा न्यायाधीशाने ‘रावसाहेब अमुक, सबजज्ज’ यांचा हुकूमनामा फिरवला किंवा कायम केला, असं तिथे असतं. तुमचा माणूस बहुधा तिथेच सापडतो. मात्र अपील छापून यायला वर्षं जात, म्हणून बदलीनंतरचे दोन-तीन खंडही चाळा. हायकोर्टाच्या काळात निकाल दोघांच्या बेंचचा असू शकतो. पार्सन्स आणि रानडे ही जोडी वारंवार दिसते. मजकुराआधी ज्याचं नाव छापलंय, लिखाण त्याचंच धरायचं.

जुन्या खंडांची चौकशी आधी नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात (स्थापना 1840) करा. मूळ कागदांसाठी मुंबईचं पुराभिलेखागार. तिथे जाताना तक्त्यातले रिकामे रकाने वेगळ्या चिठ्ठीवर उतरवून न्या, नाहीतर दिवस सूच्या उलटण्यातच संपतो.