१०,००० ची पॉवर बँक फोन दोनदा का भरत नाही, घरी मोजून बघा

हरिश्चंद्रगड उतरून खिरेश्वरला चहा घेत बसलो होतो तेव्हा ग्रुपमधल्या एकाने जाहीर केलं की दुकानदाराने आपल्याला गंडवलं. पॉवर बँक १०,००० एमएएचची (मिलीअँपिअर-अवर, बॅटरीत किती चार्ज मावतो त्याचं माप), फोन ५,००० चा, म्हणजे दोनदा फुल व्हायला पाहिजे ना, आणि ही बया एकदा फुल करून दुसऱ्यांदा चाळीस टक्क्यांवर मेली. मी म्हटलं बाबा शिव्या नंतर दे, आधी ती पलटी कर आणि मागचं बारीक अक्षरातलं वाच. तिथे ३७ वॅट-अवर लिहिलेलं होतं आणि त्याच्या खाली रेटेड कपॅसिटी ६,००० एमएएच, ५ व्होल्टला. म्हणजे खरं काय ते छापलेलंच होतं, फक्त भिंग लावून वाचावं लागेल इतक्या बारीक अक्षरात.

तर पहिली गोष्ट, एमएएच बघायचं सोडा आणि वॅट-अवर बघा, म्हणजे एकूण ऊर्जा, अँपिअर-अवर गुणिले व्होल्ट. आतला लिथियमचा सेल साधारण ३.७ व्होल्टचा असतो आणि ते १०,००० त्याच व्होल्टेजला मोजलेले असतात, म्हणून १०,००० एमएएच म्हणजे १० अँपिअर-अवर, गुणिले ३.७ म्हणजे ३७ वॅट-अवर. बाहेर यूएसबीतून मात्र ५ व्होल्ट निघतात, मग ३७ भागिले ५ केलं की आकडा आपोआप ७,४०० एमएएच होतो, आणि इथपर्यंत काहीच वाया गेलेलं नाही बरं का, नुसतं माप बदललंय. खरी घट पुढे येते. ३.७ चे ५ किंवा ९ व्होल्ट करणारं सर्किट गरम होतं, ती उष्णता म्हणजे तुमचंच चार्जिंग. दळण आणताना गिरणीत घट येते तसंच हे, थोडं पीठ जात्यात राहणारच, प्रश्न फक्त किती राहतं एवढाच. मग फोन स्वतः चार्ज होताना अजून थोडं खातो. त्या मित्राचा हिशोब बघा, बाहेर आले ३० वॅट-अवर (मागे छापलेले ६,००० एमएएच गुणिले ५ व्होल्ट), फोनमध्ये दहाएक टक्के गेले धरा, उरले २७, आणि ५,००० एमएएचच्या फोनची बॅटरी असते साधारण १९ वॅट-अवरची. २७ भागिले १९ म्हणजे १.४ वेळा. एकदा फुल आणि वर चाळीस टक्के! दुकानदार निर्दोष.

आता तुमच्या पॉवर बँकेचं कसं मोजायचं. यूएसबी मीटर म्हणून एक छोटं डबडं ऑनलाइन मिळतं, व्होल्ट, अँपिअर, एमएएच आणि वॅट-अवर दाखवतं, महागडं घेऊ नका, फक्त वॅट-अवर दाखवणारं आणि तुमच्या फास्ट चार्जिंगला चालणारं बघून घ्या. पॉवर बँक रात्रभर लावून पूर्ण भरा, फोन दहा टक्क्यांपर्यंत उतरू द्या, मीटर पॉवर बँकेत लावा, जुनं रीडिंग झिरो करा, मीटरमध्ये केबल आणि केबलला फोन. फोन फुल झाला की घरातला दुसरा फोन लावा (आईचा नेहमी बाराच टक्क्यांवर असतो, तो चालतो), पॉवर बँक पूर्ण झोपेपर्यंत चालू द्या. मधे मधे रीडिंगचा फोटो काढत जा, कारण बरीच मीटरं पॉवर गेली की सगळं विसरतात, माझी पहिली टेस्ट अशीच वाया गेली. शेवटी समजा मीटरवर ३१ वॅट-अवर आले, तर ३१ भागिले ३७, म्हणजे ८४ टक्के. ऐंशीच्या वर असेल तर माल चांगला आहे, सत्तरच्या खाली असेल तर सेल जुने झालेत किंवा छापलेला आकडाच खोटा आहे.

इथे एक गोची होते. फास्ट चार्जिंग चालू असेल तर पॉवर बँक ९ व्होल्ट देते आणि मग मीटरवर एमएएच जेमतेम साडेतीन हजार दिसतात, लोक घाबरून रिटर्न टाकतात. अरे पण ३,५०० गुणिले ९ करून बघा, साडेएकतीस वॅट-अवर झाले की. म्हणूनच म्हटलं एमएएच सोडा.

केबलचं लोकांना खोटं वाटतं पण तिथे खरंच जातं. बारीक तारेची, दोन मीटर लांब केबल असेल आणि तिचा एकूण रेझिस्टन्स पाव ओहम धरला तर ५ व्होल्ट २ अँपिअरला म्हणजे १० वॅटला पूर्ण एक वॅट केबलमध्येच जळतो, दहा टक्के गेले. तेच १० वॅट ९ व्होल्टने पाठवले तर करंट १.१ अँपिअरच लागतो आणि केबलमध्ये जातात फक्त तीनेक टक्के. म्हणून ट्रेकला जाडसर आणि हातभर लांबीची केबल न्या, आणि मोजताना केबलचं नुकसानही धरायचं असेल तर मीटर फोनच्या टोकाला लावा.

वायरलेस चार्जिंगवाली पॉवर बँक मॅग्नेटने चिकटते, दिसते भारी, पण वायरच्या तुलनेत सहज वीस-तीस टक्के जास्त वाया जातं आणि फोन तापतो तो वेगळाच. घरी ठीक आहे, गडावर नको.

चार्जिंग करताना फोन वापरला की टक्के चढत नाहीत कारण आलेली वीज तिथल्या तिथे स्क्रीन खाते. गडावर तर रेंज शोधण्यातच फोन अर्धा संपतो, तेव्हा आधी एअरप्लेन मोड, मग चार्जिंग. आणि शेवटच्या वीस टक्क्यांसाठी तासभर लावून ठेवू नका, तिथे करंट कमी होतो पण पॉवर बँकेचं सर्किट आपला खर्च चालूच ठेवतं. वीस ते ऐंशी असं भरा, पुरतं.

नवीन घेताना वजन हातात घेऊन बघा, १०,००० ची साधारण दोनशे ग्रॅमच्या आसपास भरते, त्याच वजनात कुणी ३०,००० म्हणून विकत असेल तर पुढे चालू लागा. मागे वॅट-अवर आणि बीआयएसचा (भारतीय मानक ब्यूरो) आर नंबर, म्हणजे नोंदणी क्रमांक, छापलेला हवाच. विमानाने जाणार असाल तर १०० वॅट-अवरच्या आतली घ्या, म्हणजे २०,००० ची चालते कारण ती ७४ ची असते, फक्त ती केबिन बॅगेत, चेक-इनमध्ये नाही.

आणि इअरबड्स लावले की पॉवर बँक मिनिटभरात बंद पडते ती खराब नसते, इतका कमी करंट तिला कळतच नाही. बऱ्याच मॉडेल्सना बटण दोनदा दाबलं की लो करंट मोड चालू होतो, आधी ते करून बघा.