पेशंट घरी येण्याआधी: मॉनिटर, मोबाइल आणि मधलं अंतर

दवाखान्यातून सुटी झाल्यावर घरी मल्टिपॅरा मॉनिटर (ईसीजी, नाडी, बीपी एकाच पडद्यावर दाखवणारं यंत्र) लागणार असेल, तर पलंग कुठे लावायचा हे ठरवतानाच मोबाइल कुठे राहतील हेही ठरवून टाका, कारण जवळच्या फोनच्या लहरींनी मॉनिटरची रेघ बिघडू शकते. फोन घराबाहेर घालवायची गरज नाही, वेळ आली तर 108 ला त्यावरूनच फोन करायचा आहे. फक्त त्याची जागा पक्की हवी. उशीखाली, पलंगाच्या कठड्याला अडकवलेल्या पिशवीत आणि मॉनिटरच्या डोक्यावर फोन कधीच नको. पेशंट, वायरी आणि यंत्रं या तिन्हींपासून किमान एक मीटर लांब एक स्टूल ठेवा आणि चार्जरही तिथल्याच बोर्डाला लावा. वैद्यकीय उपकरणांच्या आंतरराष्ट्रीय मानकात 30 सेंटिमीटरचं अंतर धरलेलं आहे, पण रात्री अडीच वाजता झोपेतून उठलेला माणूस पट्टी घेऊन मोजत नाही. म्हणून मीटरभर.

मग घरातला बटणांचा साधा फोन शोधा. बहुतेक वेळा तो आजोबांच्या उशाशीच असतो. टूजीवर चालणारा हा फोन सेकंदाला सुमारे 217 झटक्यांनी लहरी सोडतो आणि झटक्याची ताकद 2 वॉटपर्यंत जाते. फोरजी फोन साधारण 0.2 वॉटच्या आत राहतो. रेडिओशेजारी फोन ठेवला की रिंग वाजण्याआधी जी टर्र-टर्र ऐकू येते, ती टूजीच्या याच झटक्यांची. ईसीजीचा सिग्नल जेमतेम एक मिलिव्होल्टचा, आणि छातीपासून मॉनिटरपर्यंत गेलेल्या वायरी अँटेनाचं काम करतात. रेंज कमी असेल तिथे फोन आणखी जोर लावतो. खोलीत रेंजची एकच दांडी दिसत असेल, तर हा फोन सरळ दुसऱ्या खोलीत न्या.

आदल्या दिवशी, यंत्र भाड्यानं देणाऱ्याचा माणूस घरात असतानाच, एक चाचणी उरकून घ्या. पेसमेकर नसलेल्या, धडधाकट माणसाला ईसीजीचे स्टिकर लावा. रेघ स्थिर झाली की घरातला एकेक फोन दोन मीटरवर, एक मीटरवर आणि 30 सेंटिमीटरवर ठेवून त्यावर रिंग द्या. डोळे मॉनिटरवरच असू द्या, कारण गडबड बऱ्याचदा रिंग ऐकू येण्याआधीच दिसते: स्वच्छ रेघ एकाएकी जाड आणि केसाळ होते, कधी ठोक्यांचा आकडा दुप्पट दिसतो. ज्या अंतरावर असं झालं, त्याच्या दुप्पट अंतर त्या फोनची लक्ष्मणरेषा, मात्र मीटरपेक्षा कमी नाही. फरशीवर रंगीत चिकटपट्टी लावून ठेवा.

मात्र प्रत्येक केसाळ रेघेचं खापर फोनवर फोडू नका. सुकलेल्या जेलचा किंवा तेलकट त्वचेवर लावलेला स्टिकर हे त्याहून नेहमीचं कारण आहे. त्वचा पुसून कोरडी करा, स्टिकर रोज बदला. वायरींची गुंडाळी करू नका आणि चार्जरच्या वायरीशेजारून त्या नेऊ नका. मॉनिटरचा तीन पिनांचा प्लग टू-पिन अडॅप्टरमध्ये खुपसला की अर्थिंग तुटतं आणि घरातल्या विजेची 50 हर्ट्झची थरथर रेघेत उतरते. वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या. अलार्म वाजला तर आधी पेशंटकडे बघा, मग बोटावरच्या क्लिपच्या नाडीकडे. ईसीजी 170 सांगतोय, क्लिप 80 सांगतेय आणि हातानं मोजलेली नाडीही 80 भरतेय, तर ईसीजीच्या वायरी तपासा. पेशंटला धाप किंवा घाम असेल, तर आकड्यांची वाट न बघता डॉक्टरांना फोन लावा.

बीपीच्या यंत्राला लहरींपेक्षा फोनची थरथर आणि आपलं बोलणं जास्त नडतं. पट्टा हातातले सूक्ष्म धक्के मोजतो, म्हणून व्हायब्रेटवरचा फोन त्याच टेबलावर नको. पाच मिनिटं शांत बसून मग मोजा, मोजताना फोनवर बोलू नका.

पेशंटला पेसमेकर किंवा आयसीडी (ठोके बिघडले तर हृदयाला शॉक देणारं, शरीरात बसवलेलं यंत्र) असेल, तर फोन त्यापासून 15 सेंटिमीटर तरी लांब, यंत्राच्या विरुद्ध बाजूच्या कानाला. शर्टाच्या खिशात अजिबात नको. आयफोन 12 पासूनच्या मॅगसेफ (चुंबकानं चिकटणाऱ्या चार्जरची सोय असलेल्या) फोनमध्ये चुंबक असतात आणि चुंबकानं आयसीडीची शॉक देण्याची सोय तात्पुरती थांबू शकते. वायरलेस चार्जर 30 सेंटिमीटरपलीकडे. चुंबकी झाकणाचं कव्हर आधी बदलून टाका.

सतत साखर मोजणारा सेन्सर असेल, तर गणित उलटं होतं: इथे फोन जवळच हवा. ब्लूटूथ साधारण सहा मीटरपर्यंत पोचतं, मध्ये भिंत आली की कमी. पण फोनच अलार्म गिळू शकतो, कारण डू नॉट डिस्टर्ब चालू असतं, बॅटरी सेव्हरनं अ‍ॅप झोपवलेलं असतं किंवा आवाज जोडलेल्या हेडफोनकडे जातो. अशा हुकलेल्या अलार्मबद्दल अमेरिकेच्या एफडीएनं (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेनं) फेब्रुवारी 2025 मध्ये सूचनाच काढली होती. अ‍ॅपला या सगळ्यातून सूट द्या, आवाज वाढवा आणि स्वयंपाकघरात उभं राहून तो ऐकू येतो का बघा. फोनची सिस्टिम किंवा अ‍ॅप अपडेट झालं, की त्याच दिवशी हे पुन्हा तपासा.