नवा फोन आधी उजेडात बघा

पुण्यातल्या तपकीर गल्लीच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून घ्या की ऑनलाइन मागवा, सील फोडण्याआधी व्हिडिओ सुरू करा आणि मध्ये थांबवू नका. मग फोन दाराशी, दिवसाच्या उजेडात तिरका धरून फिरवा. कडा, चार्जिंगची जागा, कॅमेऱ्याभोवतीची रिंग नीट पाहा. गडद अ‍ॅल्युमिनियमवर जास्तच, कारण रंगाचा थर अगदी पातळ असतो. खरचटलं की खालचा चंदेरी धातू दिसतो. २०१२ मध्ये काळ्या आयफोन ५ बद्दल हीच तक्रार जगभर झाली होती. दुकानदार लगेच स्क्रीनगार्ड लावायला घेतो, त्याला आधी थांबवा, खालचे ओरखडे त्यात झाकले जातात. वॉरंटीत ओरखडे सहसा धरत नाहीत, त्यामुळे डाग दिसला तर तिथेच बदलून मागा. दाद लागली नाही तर ग्राहक हेल्पलाइन १९१५.