वाटेवर पकड देणारा माउंटन बाइकचा टायर कसा निवडावा

माउंटन बाइकसाठी टायर घेताना दुकानात टांगलेल्या टायरांची नक्षी पाहण्याआधी, आपण ज्या वाटेवर सायकल चालवणार आहोत ती वाट नीट पाहून घ्यावी. ठाण्यातील येऊर, पारसिकची डोंगररांग आणि खारघरच्या टेकड्या या सगळ्यांचा पाया काळ्या बेसॉल्ट खडकाचा आहे. मार्च-एप्रिलमध्ये तेथे टणक जमिनीवर सुटा मुरूम आणि वाळलेला पाचोळा पसरलेला असतो, तर जुलैमध्ये त्याच वाटेवर चिखल साचतो आणि दगडांवर शेवाळ चढते. या तिन्ही पृष्ठभागांना टायरकडून वेगवेगळी अपेक्षा असते, म्हणून वर्षातील कोणत्या महिन्यांत आपण अधिक सायकल चालवतो हे आधी ठरवावे. (येऊरचे जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग असल्यामुळे वनखात्याने मुभा दिलेल्या वाटांवरच जावे.)

त्यानंतर माप पाहावे. टायरच्या बाजूवर ५७-६२२ अशी जोडी छापलेली असते. त्यातील पहिला आकडा टायरची रुंदी आणि दुसरा रिमवर टायर बसतो तेथील व्यास मिलिमीटरमध्ये सांगतो. २६ इंची चाकासाठी हा दुसरा आकडा ५५९, साडेसत्तावीससाठी ५८४ आणि २९ इंचीसाठी ६२२ असतो, आणि तो जुन्या टायरशी तंतोतंत जुळलाच पाहिजे. रुंदीत मात्र थोडी मोकळीक आहे. २.१ इंचाऐवजी २.३५ इंचाचा टायर बसत असेल तर तो घ्यावा, कारण रुंद टायरमध्ये हवा कमी ठेवता येते आणि त्यामुळे पकड वाढते. फक्त फ्रेम आणि फोर्क (पुढचे चाक धरणारा दुशाखी भाग) यांच्यापासून दोन्ही बाजूंना निदान सहा मिलिमीटर जागा उरते आहे ना, हे चाक फिरवून तपासावे. चिखलात जाणाऱ्यांनी यापेक्षा अधिक जागा ठेवावी.

आता नक्षीकडे वळावे. सुट्या मुरमासाठी मध्यम उंचीचे, एकमेकांपासून थोडे दूर असलेले नॉब (टायरवरील रबराचे उंचवटे) आणि कडेला भक्कम रांग असलेला टायर योग्य ठरतो, कारण वळणावर सायकल कलते तेव्हा सारा भार त्या कडेच्या रांगेवरच येतो. चिखलासाठी नॉब उंच आणि विरळ हवेत, म्हणजे मधल्या फटींत अडकलेली माती चाक फिरताना आपोआप सुटून पडते. ओल्या, गुळगुळीत दगडावर मात्र उंच नॉबचा फारसा उपयोग होत नाही. तेथे रबराचा मऊपणा आणि दगडाला टेकणारे क्षेत्र कामी येते. दुकानात नॉबमध्ये अंगठ्याचे नख दाबून पाहावे. मऊ रबरात ते सहज रुतते आणि रबर सावकाश पूर्ववत होते, तर कठीण रबर नखाला दाद देत नाही.

मऊ रबर डांबरावर लवकर झिजते, आणि आपल्यापैकी बहुतेकांना टेकडीच्या पायथ्यापर्यंत शहरातील रस्त्यानेच जावे लागते. यावर उपाय असा, की पुढे मऊ रबराचा आणि ठसठशीत नॉबचा टायर लावावा, तर मागे थोडा कठीण आणि सहज धावणारा टायर घ्यावा. मागचे चाक घसरले तर बहुधा सायकल सावरता येते, परंतु पुढचे घसरल्यावर सावरायला वेळच मिळत नाही. म्हणून एकाच चांगल्या टायरचे पैसे हाताशी असतील, तर ते निःसंकोच पुढच्या चाकावर खर्च करावेत. टायर चढवताना बाजूवर फिरण्याच्या दिशेचा बाण असल्यास तो पाहून घ्यावा.

इतके करूनही हवा चुकली तर टायरचे पैसे वाया जातात, आणि माझ्या मते पकड नसल्याच्या बहुतांश तक्रारींचे मूळ येथेच असते. अंगठ्याने दाबून टणक लागेपर्यंत हवा भरण्याची सवय सोडावी आणि मीटर असलेला पंप वापरावा. सुमारे ७० किलो वजनाच्या चालकाने २.३५ इंची ट्यूबलेस टायरमध्ये पुढे २३ आणि मागे २६ पीएसआयपासून (पीएसआय म्हणजे हवेचा दाब मोजण्याचे एकक) सुरुवात करावी. ट्यूब असल्यास दोन्हीकडे चार-पाच पीएसआय वाढवावे, अन्यथा दगड आणि रिम यांच्यात चिमटून ट्यूबला शेजारी-शेजारी दोन छिद्रे पडतात. मग ओळखीच्या एखाद्या वळणावर प्रत्येक वेळी एक-एक पीएसआय कमी करत जावे. रिम दगडावर आपटल्याचा आवाज आला किंवा वळताना टायर बाजूला लोळल्यासारखा वाटला, की दोन पीएसआय परत भरावे आणि तो आकडा लिहून ठेवावा. टायरवर आणि रिमवर छापलेल्या मर्यादा मात्र ओलांडू नयेत.

मागच्या टायरवरील मधल्या नॉबच्या कडा गोल झाल्या, की तो काढून पुढचा टायर मागे घ्यावा आणि नवा पुढे लावावा.